दीड लाखाच्या पीसीशिवाय गेमप्ले रेकॉर्ड होत नाही म्हणे!

सध्या कोल्हापुरातल्या गेमिंग ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय, राजारामपुरीतल्या पोरांनी पाठवला की तासाभरात फुलेवाडीहून परत येतोय. ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गेमप्ले रेकॉर्ड करून चॅनल चालवायचं आणि स्वतःचे मॅप (गेम खेळायच्या जागा) बनवून दोस्तांना द्यायचे असतील तर दीड लाखाच्या खालचा पीसी घेऊच नका, आय-नाइन प्रोसेसर पाहिजे, कॅप्चर कार्ड पाहिजे नाहीतर एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम) निम्मा होतो, ३२ जीबी रॅम पाहिजे, जेन-फोर एनव्हीएमई (वेगवान जातीची एसएसडी) नसेल तर व्हिडिओ अडकतो, रेकॉर्डिंग ४के मध्येच करायचं आणि मॅप शेअर करायला वेगळा सर्व्हर लागतो. खाली लिहिलंय "अनुभवी लोकांचा सल्ला". कोण अनुभवी, कुठले, ते काय लिहिलेलं नाही.

आता पोरगं हा मेसेज बापाला दाखवतंय, बाप म्हणतोय दीड लाख कुठनं आणू, आणि विषय तिथंच संपतोय. म्हणून एकेक मुद्दा घेतो.

"आय-नाइन किंवा रायझन-नाइन पाहिजेच"

हे पंधरा वर्षांपूर्वी कुणी म्हटलं असतं तर ऐकून घेतलं असतं. रेकॉर्डिंग म्हणजे काय होतं बघा, गेम सेकंदाला ६० चित्रं काढतोय आणि ती तशीच्या तशी साठवता येत नाहीत म्हणून लगोलग दाबून छोटी करायची, याला एन्कोडिंग म्हणतात. पूर्वी हे काम प्रोसेसर करायचा, त्यामुळं गेम आणि रेकॉर्डिंग दोघं एकाच प्रोसेसरवर भांडायची आणि मोठा प्रोसेसर लागायचा. पण इंटेलनं २०११ मध्ये क्विक सिंक आणलं, एनव्हिडियानं २०१२ मध्ये एनव्हीईएनसी आणलं, एएमडीचंही स्वतःचं आहे, आणि हा एन्कोडर म्हणजे ग्राफिक चिपमधलाच पण गेम काढणाऱ्या भागापासून वेगळा असा छोटा तुकडा. मिसळीच्या हॉटेलात भट्टीवर एकजण कट ढवळतोय आणि पार्सल बांधायला दुसराच पोरगा बसलाय, पार्सलं वाढली म्हणून भट्टी थांबत नाही, तसलंच हे. ओबीएस हे रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर फुकट आहे, त्याच्या आउटपुट सेटिंगमध्ये एन्कोडर बदलून हार्डवेअरवाला निवडा, झालं. जुनं जीटीएक्स १०५० टीआय कार्ड असलं तरी १०८०पी (फुल एचडी) ६० फ्रेमनं आरामात रेकॉर्ड करतंय.

पण खरी गंमत पुढं आहे आणि ती त्या मेसेजमध्ये कुठंच नाही. महाग घेतलं म्हणजे एन्कोडर मिळेलच असं नाही! आरएक्स ६५०० एक्सटी हे कार्ड जानेवारी २०२२ मध्ये आलं, दिसायला नवं, नाव झक्कास, आणि त्यात व्हिडिओ एन्कोडरच नाही. त्याचं धाकटं भावंड ६४०० तेही तसंच. जीटी १०३० मध्येही एनव्हीईएनसी नाही. आता याला जोड म्हणून दुकानदार बरेचदा आय-फाइव्ह १२४००एफ लावतो कारण ते थोडं स्वस्त पडतं, आणि त्या शेवटच्या एफचा अर्थ असा की प्रोसेसरमधलं ग्राफिक बंद, म्हणजे क्विक सिंकही गेलं. झाला की डबा तयार, नवाकोरा, लाइटी लावलेला, आणि रेकॉर्डिंगचा सगळा भार परत प्रोसेसरवर. त्याच्याऐवजी साधा १२४००, एफ नसलेला, घेतला असता तर त्याच कार्डाबरोबर क्विक सिंकवर रेकॉर्डिंग झालं असतं. एएमडीत तसंच, रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक आहे, नुसत्या ५६०० मध्ये नाही.

म्हणजे प्रश्न आय-थ्री का आय-नाइन हा नाहीच, एन्कोडर आहे का नाही हा आहे. घरच्या पीसीत बघायचं असेल तर रेकॉर्डिंग चालू करून टास्क मॅनेजर उघडा, परफॉर्मन्समध्ये जीपीयूवर (म्हणजे ग्राफिकवर) जा, तिथं व्हिडिओ एन्कोडचा ग्राफ असतो (इंटेल-एएमडीत नाव वेगळं असू शकतं, व्हिडिओ नावाचा ग्राफ बघा), तो हलत असेल तर काम चाललंय. ग्राफ गपगार पडलाय आणि सीपीयू नव्वदच्या वर गेलाय तर सेटिंग चुकलंय नाहीतर एन्कोडरच नाही.

एक गोष्ट मान्य करतो, लाइव्ह स्ट्रीमला बिटरेट (व्हिडिओच्या एका सेकंदाला किती डेटा) कमी असतो तेव्हा तगडा प्रोसेसर सावकाश एन्कोडिंग करून थोडं चांगलं चित्र देऊ शकतो. पण आपण बोलतोय हार्डडिस्कवर रेकॉर्ड करायचं, तिथं बिटरेट आपल्या हातात आहे, वाढवा की.

आणि सेकंड हँड घेणार असाल, ऑफिसमधनं निघालेले आय-फाइव्हचे डबे बाजारात ढिगानं मिळतात, तर निदान आठव्या जनरेशनचा बघा. एन्कोडर त्याच्या आधीच्यांतही आहे, पण विंडोज १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि इंटेलमध्ये विंडोज ११ अधिकृतपणे साधारण तिथनं पुढंच चालतं.

"कॅप्चर कार्ड नसेल तर एफपीएस निम्मा"

कॅप्चर कार्ड हे बाहेरनं येणारा एचडीएमआय सिग्नल पकडायला असतं. प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, स्विच यांचं रेकॉर्डिंग पीसीवर घ्यायचं असेल, किंवा एका पीसीवर गेम आणि दुसऱ्यावर रेकॉर्डिंग असा थाट असेल, तर लागतं. (प्लेस्टेशनवाल्यांनो, आधी सेटिंगमध्ये जाऊन एचडीसीपी (कॉपी होऊ नये म्हणूनचं कुलूप) बंद करा, नाहीतर कार्ड घेऊनही पडदा काळाच दिसणार आणि तुम्ही दुकानदाराशी भांडत बसणार.) ज्या पीसीवर गेम चाललाय त्याच पीसीवर रेकॉर्ड करायचं असेल तर कॅप्चर कार्डानं एफपीएस एकनंही वाढत नाही. त्यात आलेला सिग्नल शेवटी एन्कोड कोण करणार, बहुतेक वेळा तुमचाच पीसी!

मग लोकांचं रेकॉर्डिंग अडकतंय ते का? बहुतेकांचं कारण एकच असतं, गेमनं ग्राफिक कार्ड ९९ टक्के खाल्लेलं असतं आणि ओबीएसला स्वतःचं चित्र जुळवायला जागाच राहात नाही. ओबीएसमध्ये स्टॅट्सची खिडकी आहे ती उघडून ठेवा. तिथं रेंडरिंग लॅगमुळं गेलेल्या फ्रेम वाढत असतील तर गेमचा एफपीएस ६० वर नाहीतर मॉनिटरच्या रिफ्रेश रेटवर बांधा, एकदोन सेटिंग खाली आणा, आणि ओबीएस ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवा, विंडोज त्याला जीपीयूत आधी जागा देतं. एन्कोडिंग लॅगमुळं जात असतील तर एन्कोडरचा प्रीसेट (तयार सेटिंग) हलका करा. हे दोन आजार वेगळे आहेत आणि दोन्हीवर कॅप्चर कार्ड हे औषध नाही.

लॅपटॉपवाल्यांचा काळा पडदा हे तिसरंच. लॅपटॉपला बरेचदा दोन ग्राफिक असतात, ओबीएस एकावर आणि गेम दुसऱ्यावर चालला की काही दिसत नाही. गेम कॅप्चर वापरत असाल तर विंडोजच्या ग्राफिक सेटिंगमध्ये ओबीएसला हाय परफॉर्मन्स द्या, पूर्ण स्क्रीन पकडत असाल तर पॉवर सेव्हिंग. पैसे शून्य.

"३२ जीबी रॅम कमीत कमी"

नाही. १६ बास होतं, पण आठ-आठच्या दोन काड्या घाला, एक सोळाची नको, कारण दोन काड्यांत डेटा जायला दुप्पट रस्ता मिळतो आणि प्रोसेसरमधल्या ग्राफिकवर खेळणाऱ्यांना तो फरक डोळ्यांना दिसतो. मोठं एडिटिंग करत असाल तर ३२ चा विचार करा. २०२५ च्या शेवटाला रॅमचे भाव कसे चढले ते माहिती आहेच, उगाच कुणाच्या खिशाला कशाला भोक.

"जेन-फोर एनव्हीएमई नाहीतर व्हिडिओ अडकतो"

साधं गणित करूया. १०८०पी ६० फ्रेमचं चांगलं रेकॉर्डिंग समजा ५० एमबीपीएसनं केलं, हे मेगाबिट आहेत, आठनं भागलं की सेकंदाला सव्वासहा मेगाबाइट. साधी फिरणारी हार्डडिस्क सलग लिहिताना सेकंदाला शंभर मेगाबाइटच्या आसपास सहज लिहिते. आता सांगा कुठं अडकलं? कुणीतरी न दाबलेल्या व्हिडिओचा आकडा वाचला असणार, तो सेकंदाला ३७० मेगाबाइटच्या वर जातो खरा, पण तसं रेकॉर्डिंग इथं कोण करतंय! गेम साध्या साटा एसएसडीवर ठेवा आणि रेकॉर्डिंग वेगळ्या हार्डडिस्कवर. दोन्ही एकाच फिरणाऱ्या डिस्कवर ठेवलंत तर मात्र गेम अधनंमधनं अडकेल. जागा बघून घ्या, ५० एमबीपीएसनं तासाला साडेबावीस जीबी जातात.

उलट ज्या गोष्टीनं आपल्याकडं रेकॉर्डिंग खरंच वाया जातं ती मेसेजमध्ये नाहीच. जून-जुलैत पाऊस लागला की लाइट जातीय-येतीय हे कोल्हापूरकराला सांगायला नको, आणि एमपी४ या फाइल प्रकारात रेकॉर्ड करताना लाइट गेली तर आख्खी फाइल गेली, कारण साध्या एमपी४ चा हिशोब रेकॉर्डिंग थांबवल्यावर शेवटी लिहिला जातो. एमकेव्ही या दुसऱ्या प्रकारात रेकॉर्ड करा, लाइट गेली तरी तोवरचं सगळं वाचतं, नंतर ओबीएसमध्येच रीमक्स (व्हिडिओ तोच, फाइलचा प्रकार बदलायचा) करून मिनिटात एमपी४ होतं, क्वालिटी तीच राहते. २०२४ पासून ओबीएसमध्ये हायब्रिड एमपी४ पण आलंय, त्यालाही ही भीती नाही. जेन-फोरचे वाचलेले पैसे यूपीएसला घाला.

आणि हो, रेकॉर्डिंग पेनड्राइव्हवर टाकताना "फाइल फार मोठी आहे" असं आलं तर पेनड्राइव्ह खराब नाही, तो एफएटी३२ या जुन्या पद्धतीनं फॉरमॅट केलेला आहे आणि त्यात ४ जीबीच्या वरची एक फाइल बसत नाही. एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करा, आधी आतलं काढून घ्या म्हणजे झालं.

"रेकॉर्डिंग ४के मध्येच"

४के म्हणजे १०८०पीच्या चौपट पिक्सेल, आणि बघणारा बघतोय मोबाइलवर. यात खऱ्याचा अंश एवढाच की यूट्यूब १४४०पी आणि वरच्या व्हिडिओला जास्त बिटरेट देतं, त्यामुळं गवत, पाऊस असली दृश्यं कमी फुटतात. त्याला उपाय, १०८०पीचंच रेकॉर्डिंग एक्सपोर्ट करताना १४४०पीला वाढवून अपलोड करा.

ज्यांचा पीसी अगदीच म्हातारा आहे त्यांनी खेळताना व्हिडिओ घेऊच नका. काउंटर-स्ट्राइक १.६ मध्ये कन्सोल (कमांड टाइप करायची खिडकी) उघडून रेकॉर्ड कमांड आणि एक नाव द्या, शेवटी स्टॉप, डेमो फाइल तयार होते. त्यात चित्र नसतं, कोण कुठं पळालं कुणी कधी गोळी मारली एवढंच, म्हणून फाइल व्हिडिओच्या मानानं चिल्लर असते आणि पीसीवर भार जवळपास नाही. नंतर ती डेमो सावकाश चालवून तिचा व्हिडिओ काढा, नाहीतर दोस्ताच्या पीसीवर काढा. एज ऑफ एम्पायर्समध्येही असंच रिप्ले सेव्ह होतं.

"मॅप शेअर करायला वेगळा सर्व्हर लागतो"

हे वाचून तर मी हसलोच. डोटा हा आख्खा प्रकार ज्यातनं जन्मला तो वॉरक्राफ्ट ३ चा एक कस्टम मॅप होता, आणि त्या गेमात कित्येक वर्षं मल्टिप्लेयर मॅपची फाइल ८ एमबीच्या आतच ठेवावी लागायची. आठ एमबी! लोकांचा गुड मॉर्निंगचा व्हिडिओ त्याच्यापेक्षा मोठा असतो. काउंटर-स्ट्राइकचा जुना मॅप म्हणजे एक बीएसपी फाइल, थोड्या एमबीची. माइनक्राफ्टचा जावामधला मॅप म्हणजे सेव्हज्‌मधलं एक फोल्डर, झिप करून पाठवा, बेडरॉकवर एक्सपोर्ट केलं की एमसीवर्ल्ड फाइल येते. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात मॅप वाटायला वर्कशॉप २०११ पासून आहे, तिथं टाकलं की दोस्त फक्त सबस्क्राइब करतो.

शेअर करताना अडतं ते हार्डवेअरमुळं नाही. समजा तुम्ही पन्हाळ्याचा मॅप केला, तिथल्या तीन दरवाजाच्या भिंतीला स्वतः काढलेल्या फोटोचं टेक्स्चर (वरचं चित्र) लावलं, तुमच्याकडं नाद खुळा दिसतंय आणि दोस्ताकडं सगळी भिंत जांभळ्या-काळ्या चौकड्यांची. त्याचं कारण टेक्स्चर तुमच्या पीसीत आहे, मॅपच्या फाइलमध्ये नाही, ते बीएसपीच्या आत पॅक करावं लागतं. दुसरं, मॅपमध्ये दुरुस्ती केली आणि नाव तेच ठेवलं की जुनी फाइल असलेल्याला "तुमचा मॅप सर्व्हरच्या मॅपपेक्षा वेगळा आहे" असं येऊन बाहेर काढतंय. प्रत्येक वेळी नावापुढं बी१, बी२ असं लावा.

मॅप बनवताना मात्र प्रोसेसरचे कोर कामाला येतात, हे मेसेजवाल्यांना चुकून बरोबर आलं असं म्हणू. जुन्या सोर्स एंजिनात (काउंटर-स्ट्राइक सोर्ससारख्या गेमांचा पाया) मॅप कंपाइल होताना, म्हणजे खेळता येईल अशी फाइल बनताना, कुठनं काय दिसतं याचा हिशोब आणि मग उजेडाचा हिशोब होतो, दोन्ही प्रोसेसरवर, आणि ते मिनिटांचे तास होऊ शकतात. पण तिथंही आधी मॅप सुधारा. पन्हाळ्यावरच्या अंबरखान्यापासून सज्जा कोठीपर्यंत सगळं एकदम उघडं दिसतं असा मॅप केलात तर कंपाइलही रडणार आणि खेळणाऱ्याचा एफपीएसही. मधे भिंती, वळणं घाला, तीन दरवाजासारखा आडवा येणारा भाग घाला, अंधारबावेत उतरणारा जिना वळवून घ्या. आणि मॅपला बाहेर कुठं फट राहिली असेल तर तो पहिला हिशोब होतच नाही, मग भले थ्रेडरिपरसारखा महागडा प्रोसेसर आणा. रात्री कंपाइल लावून झोपलं तरी चालतंय, सकाळी मॅप तयार, त्याला काय दीड लाख लागत नाहीत.

तर भावांनो, दुकानातनं कोटेशन घेताना प्रोसेसरचं आणि ग्राफिक कार्डाचं पूर्ण नाव शेवटच्या अक्षरासकट लिहून घ्या. "आय-फाइव्ह बारावी जनरेशन, ४ जीबी कार्ड" एवढ्यावर पैसे देऊ नका. आणि कुणाला ते कोटेशन वाचता येत नसेल तर फोटो काढून खाली टाका, एन्कोडर आहे का नाही ते सांगतो.