कुत्र्याची माया इंग्रजांनी आणलेली नाही

भटक्या कुत्र्यांचा वाद पेटला की एक मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर हमखास फिरू लागतो. त्याचं म्हणणं असं: आपल्या संस्कृतीत कुत्रा कायम अपवित्रच मानला गेला, धर्मराजाचा कुत्रा खरा कुत्रा नव्हताच, देवांजवळचे कुत्रे निव्वळ प्रतीकं आहेत आणि कुत्र्यावर माया करण्याचं खूळ इंग्रजांनी आणलं. भटक्या कुत्र्यांचं काय करावं यावर मतभेद असणारच. ज्यांच्या पोराला कुत्रं चावलंय त्यांचा संताप मला समजतो. पण त्यासाठी आपल्याच परंपरेबद्दल खोटं पसरवू नये.

कुत्रा अपवित्र, हे ग्रंथांत आहे. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळांनी गावाबाहेर राहावं आणि कुत्री-गाढवं हेच त्यांचं धन, असं सांगितलंय. माणसाचा आणि कुत्र्याचा विटाळ तिथे एकाच श्लोकात येतो. हा श्लोक म्हणजे अख्खी संस्कृती, असं मी तरी मानणार नाही. आणि ‘कायम’ हा शब्द तर टिकतच नाही. महाभारताच्या आदिपर्वात जनमेजयाच्या यज्ञाजवळ एक पिल्लू येतं आणि राजाचे भाऊ त्याला झोडपतात. ते रडत आईकडे जातं आणि सांगतं, मी हविर्द्रव्याकडे पाहिलं नाही, ते चाटलंही नाही. त्याची आई म्हणजे सरमा, देवांची कुत्री. ती यज्ञमंडपात येऊन माझ्या लेकराचा अपराध काय, असं विचारते. कोणाच्याही तोंडून उत्तर निघत नाही. मग ती शाप देते आणि राजा धास्तावतो. एवढ्या मोठ्या ग्रंथाच्या सुरुवातीलाच एक कुत्री राजाला जाब विचारते, हे त्या मजकुरात कधीच नसतं.

धर्मराजाच्या कुत्र्याचं म्हणाल, तर तो शेवटी यमधर्म निघतो हे खरं. पण युधिष्ठिराला ते ठाऊक कुठे होतं? कुत्री बाळगणाऱ्यांना स्वर्गात जागा नाही, असं इंद्र त्याला बजावतो. म्हणजे मजकूरवाल्यांचा मुद्दा महाभारतातच मांडलाय, आणि युधिष्ठिर तो नाकारतो. आश्रयाला आलेल्याला टाकून मला स्वर्ग नको, असं तो म्हणतो तेव्हा त्याच्यासमोर साधा कुत्राच असतो.

दत्ताजवळचे चार कुत्रे म्हणजे चार वेद, हा अर्थ सर्वमान्य आहे. पण वेदांसाठी कुत्र्याचं रूप निवडणाऱ्यांना तो प्राणी किळसवाणा वाटत असेल का? आणि खंडोबाचं काय? देवघरातला चांदीचा टाक जवळून पाहा. घोड्यावर देव, बहुतेक वेळा सोबत म्हाळसा, आणि घोड्याच्या पायांशी कुत्रा. जेजुरीचे वाघ्ये तर स्वतःला देवाचे कुत्रे म्हणवतात, भुंकतात, कोटंब्यातलं, म्हणजे भिक्षापात्रातलं अन्न तसंच तोंडाने खातात. त्यांची ती भक्ती आहे.

राहिले इंग्रज. बाराव्या शतकात कल्याणीच्या चालुक्य सोमेश्वराने ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात कुत्र्यांच्या मदतीने करायच्या शिकारीवर स्वतंत्र प्रकरण लिहिलं. साताऱ्याजवळ संगम माहुलीला संभाजीपुत्र छत्रपती शाहू महाराजांच्या लाडक्या कुत्र्याची समाधी आहे. पण मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो कर्नाटकातल्या आतकूरचा वीरगळ (स्मारकशिळा), इ.स. 949-50 चा, राष्ट्रकूटांच्या काळातला. लढाईत पराक्रम केलेल्या मणलेराला गंग राजा बूतुगाने हवं ते माग म्हटलं, तेव्हा त्याने राजाचा ‘काळी’ नावाचा कुत्रा मागून घेतला. पुढे काळी एका मोठ्या रानडुकराशी झुंजला आणि दोघंही मेले. दगडावर ती झुंज कोरलेली आहे. लेखात दगडासाठी दिलेल्या जमिनीची नोंद आहे आणि त्याची पूजा न करता जेवणाऱ्या पुजाऱ्याला पाप लागेल, असंही बजावलंय. इंग्रजांची ईस्ट इंडिया कंपनी निघायला तेव्हा अजून साडेसहाशे वर्षं होती.