कानडी चिठ्ठी आणि आमचं ‘पासिंग पॅकेज’

परवा शाळेत दहावीच्या निकालावर बैठक झाली. दरवर्षी होते. वरून छापील कागद येतो, त्यात एक रकाना: निकाल कमी लागण्याची कारणे. आम्हीही दरवर्षी तेच लिहितो. विद्यार्थ्यांची अनियमितता, पालकांची उदासीनता, गणिताची भीती. मग ‘स्लो लर्नर’ची यादी करायची आणि त्यांना पासिंग पॅकेज द्यायचं, म्हणजे ठरावीक प्रश्न घोटून घ्यायचे आणि पासापुरत्या मार्कांच्या पुढे ढकलायचं. कर्नाटकात, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या जंगलपट्टीत, मराठी माध्यमाच्या हायस्कुलात गणित शिकवते मी. सोळा वर्षं हेच ढकलणं चाललंय.

या वेळी यादी करायला खण उघडला तर त्यात दुसरी एक यादी होती, आरोग्य तपासणीची. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम 2013 साली सुरू झाला, त्याचं पथक वर्षातून एकदा शाळेत येतं. डोळे, दात, कान, वजन बघतात. काही सापडलं की तालुक्याच्या दवाखान्यात जायची चिठ्ठी हातात देतात. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या. अर्ध्याहून जास्त नावं तीच! हे काही संशोधन नव्हे, एका वर्गाचे दोन कागद आहेत. पण त्या दुपारी डबा तसाच घरी आणला.

एका मुलीचं सांगते. तिला शेवंता म्हणू. नववीपासून शेवटच्या तासाला हिचं डोकं बाकावर. मी दोन वर्षं तिला ‘झोपाळू’ म्हणत आले, वर्गासमोर, मोठ्यानं. डॉक्टरांनी तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली आणि काही न बोलता चिठ्ठी लिहिली. ते नोव्हेंबरात. फेब्रुवारीत मी तिच्या घरी गेले तेव्हा ती चिठ्ठी लाइट बिलांच्या तारेत खोचलेली होती, अगदी नीट, चार घड्या घालून.

आई म्हणाली, “टीचर, कागद जपून ठेवलाय की. त्यात काय लिवलंय ते आमास्नी कुठलं वाचायला येतंय? कानडीत हाय. स्कॉलरशिपचा असंल म्हटलं.”

तीन महिने ती बाई पैसे कधी येतात याची वाट बघत होती.

आता कुणी लगेच झेंडे काढू नका. कानडीशी माझं भांडण नाही. मला ती वाचता येते, लिहिता येते, माझ्या मुलाला तर माझ्याहून चांगली येते. चिठ्ठी देणारे डॉक्टर कानडीच होते आणि मोडक्यातोडक्या मराठीत मुलांशी इतकं गोड बोलत होते की पोरं दुसऱ्यांदा रांगेत उभी राहिली. मुद्दा चिठ्ठीचा आहे. ज्या जिल्ह्यात भाषिक अल्पसंख्याक 15 ते 20 टक्के असतील तिथे महत्त्वाच्या सरकारी सूचना त्यांच्या भाषेतही द्याव्यात, असं केंद्राच्या 1956 च्या निवेदनातच आहे. आमच्या जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत मराठी बोलणारे 18 टक्क्यांच्या पुढे. मराठी भाग कर्नाटकात घातल्याच्या निषेधाचा इथला काळा दिन एक नोव्हेंबरला असतो; कॉलेजात असताना मीही त्याच्या फेरीत दंडाला काळी फीत बांधून चाललेय. पाट्यांवरच्या, फलकांवरच्या घोषणा मला पाठ आहेत. पण पोरीच्या आजाराची चिठ्ठी आईला कळेल अशा भाषेत द्या, ही घोषणा मी कधी ऐकली नाही. मीही दिली नाही.

बरं, चिठ्ठी वाचून दाखवली. पुढे? 11 जून 2023 पासून बायकांना एसटी फुकट आहे. तिकीट माफ झालं, पण गाडी कुठाय? सकाळी एक येते, ती चुकली की दुपारपर्यंत रस्ता बघायचा. पावसाळ्यात ओढ्याला पाणी आलं तर तीही येत नाही. दवाखान्यात पहिल्या दिवशी केसपेपर, दुसऱ्या दिवशी रक्ताचा रिपोर्ट, तिसऱ्यांदा गोळ्या. तीन खेपा म्हणजे आईचे तीन रोजगार. आम्ही रकान्यात लिहितो, पालकांची उदासीनता.

हा हिशोब मला कुणी शिकवावा लागत नाही. मी निपाणीची, बिडी वळणाऱ्या बाईची मुलगी. पान भिजवायचं, ओल्या फडक्यात ठेवायचं, साच्याबरोबर कात्रीनं कापायचं, सुपातली तंबाखू भरून वळायची, दोरा बांधायचा. हजार बिड्या झाल्या की दिवस झाला. त्यातून ठेकेदार छाट काढणार, म्हणजे नापसंत बिड्या बाजूला टाकणार, ती मजुरी गेली. आमच्या एका खोलीत स्वयंपाक, अभ्यास आणि तंबाखू यांची जागा एकच. डॉक्टरकडे जायचं म्हणजे फी वेगळी आणि न वळलेल्या बिड्या वेगळ्या. म्हणून जाणं पुढच्या आठवड्यावर पडायचं.

त्यात ताईचा कान वाहायचा. उशीच्या अभ्र्यावर पिवळे डाग असायचे, वास यायचा. गरम तेलाचे थेंब, कापसाचा बोळा, एवढाच इलाज. कानाचा पडदा फाटलेला राहिला की ऐकू कमी येतं, हे मला डी.एड.ला गेल्यावर कळलं. ताई मागच्या बाकावर बसायची, उंच होती म्हणून. सरांनी विचारलेलं अर्धं कळायचं, उत्तर भलतंच जायचं, वर्ग हसायचा. मग तिनं हात वर करणंच सोडलं. नववीत नापास झाली आणि आईच्या शेजारी सूप घेऊन बसली. माझ्या दहावीची, बारावीची, डी.एड.ची फी तिच्या हजारीतून गेली.

दहावीला मी शाळेत दुसरी आले तेव्हा गल्लीत सत्कार झाला. शाल, श्रीफळ, फोटो. फलकावर लिहिलं होतं ‘परिस्थितीवर मात’. तो फोटो अजून माहेरी भिंतीवर आहे. ताई त्यात नाही, कारण त्या वेळी ती आत बसून दोरा बांधत होती. दरवर्षी निकालानंतर पेपरात असे फोटो येतात आणि लोक म्हणतात, बघा, मनात असलं की होतं. तेव्हा मला फोटोच्या बाहेर कोण बसलंय ते विचारावंसं वाटतं.

उलट बाजूही घरातच आहे. बेळगाव शहरात, टिळकवाडीत राहणाऱ्या माझ्या भाच्यानं सोमवारी ‘डोकं दुखतंय’ म्हटलं. बुधवारी नाकावर चष्मा. आमच्याकडे पोरानं डोकं दुखतंय म्हटलं की आम्ही शिक्षकच म्हणतो, नाटकं करू नकोस, पेपर आला की दुखतंय तुझं. भाचा हुशार आहेच. पण त्याला फळा दिसतो, हेही त्याच्या गुणांत धरा ना.

रक्ताचं तर विचारूच नका. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) देशातल्या 15 ते 19 वयाच्या मुलींपैकी 59 टक्के रक्तक्षयाच्या निघाल्या, मुलगे 31 टक्के. म्हणजे माझ्या वर्गात मुलींच्या बाजूला बघितलं तर निम्म्याहून जास्त बाकांवर हा प्रश्न असणार. लोह कमी झालं की थकवा येतो, हे सगळ्यांना माहीत असतं. लक्ष टिकत नाही, वाचलेलं राहत नाही, हे मला उशिरा कळलं.

त्यासाठीच आठवड्याला एक निळी गोळी असते, लोह आणि फॉलिक ॲसिडची. ती आम्ही प्रार्थनेनंतर लगेच वाटायचो, कारण तेव्हा पोरं रांगेत उभी असतात, आपल्याला सोपं. एकदा पावसानंतर वर्गाच्या खिडकीमागे गवतात निळे निळे ठिपके दिसले. फुलं असतील म्हणून वाकले तर गोळ्या. पोरींना विचारलं. “टीचर, मळमळतं.” मळमळणारच! घरातून सहाला कोरा चहा पिऊन निघालेली पोर, अक्षर दासोहचं, म्हणजे शाळेतल्या जेवणाचं, ताट दुपारी. रिकाम्या पोटी लोहाची गोळी आणि वर चहा, ज्यानं लोह अंगाला नीट लागत नाही. चूक आमची होती. आता ताटं धुवायच्या आधी गोळी, माझ्यासमोर. खिडकीमागे रोज डोकावते, अजून तरी हिरवंच आहे.

शेवंताला मी स्वतः घेऊन गेले. हिमोग्लोबिन 7.4. बारा हवं असतं. जंतांची गोळी दिली, लोह सुरू केलं. परीक्षा महिन्यावर आलेली, रक्त काही टाइमटेबल बघून वाढत नाही. गणितात गेली. परीक्षा-2 ला, म्हणजे त्याच वर्षीच्या दुसऱ्या संधीला, सुटली, 41 मार्क. गोळ्यांनी पास झाली असं मी म्हणत नाही, अभ्यासही केला तिनं. पण शेवटच्या तासाला मान वर असायची आणि मधेच ‘टीचर, ही पायरी कशी आली?’ असं विचारायची. दोन वर्षांत मी तिचा आवाजच ऐकला नव्हता.

बैठकीच्या कागदावर या वेळी ‘कारणे’च्या रकान्यात मी लिहिलं: अकरा विद्यार्थ्यांच्या रेफर चिठ्ठ्यांचा पाठपुरावा झाला नाही. हेडसरांनी वाचलं, पेन टेकवलं, म्हणाले, “बाई, वर विचारतील.” विचारू देत.

तर काम असं आहे. चिठ्ठीतला सगळा मजकूर मी सोप्या मराठीत लिहून काढलाय: काय आजार दिसला, कुठे जायचं, किती खेपा लागतील, सोबत काय न्यायचं. एक पानच आहे, चिठ्ठीला टाचणीनं लावता येतं. खानापूर, निपाणी, बेळगाव ग्रामीणमधल्या ज्या शिक्षकांना हवं असेल त्यांनी मेसेज करा, फाइल पाठवते. आणि कुणाच्या ओळखीत छपाईवाले असतील तर दोन रीम कागदाचं बघा. पथक नोव्हेंबरात परत येईल.