‘पब्लिक हेल्थची पदवी म्हणजे नीट हुकल्याची सोय’ : या संदेशाला उत्तर

बारावीचे आणि नीटचे निकाल लागले की पालकांच्या व्हॉट्सअॅप गटांत एक सल्ला हमखास फिरू लागतो. त्याचा मजकूर थोडक्यात असा : “बीपीएच, बीएस्सी पब्लिक हेल्थ असल्या पदव्यांच्या नादी लागू नका. आरोग्य हे डॉक्टरांचं काम. या कोर्समध्ये तीन-चार वर्षं ‘हात धुवा, पाणी उकळून प्या’ एवढंच शिकवतात. नीट हुकलेल्या मुलांसाठी ही सोय आहे. नोकरी कुठेच नाही. अगदी करायचंच असेल तर आधी दुसरी पदवी घ्या आणि मग एमपीएच करा.”

(बीपीएच म्हणजे पब्लिक हेल्थ, अर्थात सार्वजनिक आरोग्य, या विषयाची पदवी; एमपीएच ही त्यातली पदव्युत्तर पदवी.) या सल्ल्यातला नोकरीचा मुद्दा बराचसा खरा आहे आणि तो मी टाळणार नाही. बाकीचं मात्र चुकीचं आहे. या विषयाची मनापासून ओढ असलेली मुलं असले संदेश वाचून घरच्यांपुढे गप्प बसतात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

“आरोग्य हे डॉक्टरांचं काम.”

जानेवारी २०२५ मध्ये पुण्यात सिंहगड रस्त्याच्या परिसरात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत, जीबीएसचे म्हणजे गियाँ-बारे सिंड्रोम या हातपाय लुळे पाडणाऱ्या, नसांच्या आजाराचे रुग्ण एकाएकी वाढले. कुणाला इम्युनोग्लोब्युलिन द्यायचं, कुणाचा प्लाझ्मा बदलायचा, व्हेंटिलेटर कधी लावायचा, हे डॉक्टरांनी ठरवलं. ते त्यांनीच ठरवायला हवं. पण खाटेपाशी उभं राहिल्यावर एका माणसाचा आजार दिसतो, साथ दिसत नाही. निरनिराळ्या रुग्णालयांतल्या रुग्णांचे पत्ते एकत्र मांडले, की ती दिसू लागते. मग प्रश्न सुरू होतात. एरवी महिन्याला असे किती रुग्ण येतात? या घरांत पाणी कुठून येतं : विहिरीचं, टँकरचं, की खासगी आरओचं? लुळेपणा येण्याआधी जुलाब झाले होते का? शेजारच्या घरात कुणालाच काही झालं नाही, ते का? अनेक रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू सापडला, पाण्याचा संशय बळावला आणि घरोघर सर्वेक्षण झालं. या कामाला डॉक्टर लागतात, तसेच सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, पाणीपुरवठ्याचे अभियंते, सर्वेक्षण करणारे आणि आकडे तपासणारेही लागतात.

इतिहासही हेच सांगतो. इंग्लंडमधल्या श्रमिकांच्या वस्त्यांची घाण आणि त्यांचे मृत्यू यांचा संबंध १८४२च्या अहवालात मांडणारे एडविन चॅडविक डॉक्टर नव्हते, बॅरिस्टर होते. त्यांच्या प्रयत्नांतून तिथे १८४८चा सार्वजनिक आरोग्य कायदा झाला. आपल्याकडचे पां. वा. सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे. ते संख्याशास्त्रज्ञ होते. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेच्या सांख्यिकी विभागाचं प्रमुखपद त्यांनी सांभाळलं, आणि भारतातल्या कुपोषणाची मोजणी कशी करावी हा वाद त्यांच्या नावाशिवाय सांगताच येत नाही.

‘पण गावोगावी आरोग्याचं काम उभं करणारे जामखेडचे आरोळे दांपत्य आणि गडचिरोलीचे बंग दांपत्य तर डॉक्टरच होते’, असं कुणी म्हणेल. होते ना. पण हे चौघेही वैद्यकीय पदवीनंतर सार्वजनिक आरोग्य शिकायला अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गेले, इकडे लक्ष द्या. हातात वैद्यकीय ज्ञान असूनही त्यांना या वेगळ्या विद्येची गरज वाटली. ती घेऊन आल्यावर त्यांनी काय केलं? आरोळ्यांनी १९७०पासून जामखेडला गावोगावच्या बायकांना आरोग्यसेविका म्हणून घडवलं. त्यांतल्या कित्येकींना लिहिता-वाचताही येत नव्हतं. बंगांनी गडचिरोलीत गावातल्याच स्त्रियांना नवजात बाळांची घरच्या घरी काळजी घ्यायला शिकवलं. प्रयोगाच्या गावांत नवजात मृत्यूंचं प्रमाण ६२ टक्क्यांनी घटल्याचं त्यांच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातल्या १९९९च्या शोधनिबंधात नोंदलेलं आहे.

“हात धुवा एवढंच शिकवतात.”

एक गणित करून पाहा. कुठल्याशा आजाराची तपासणी आहे. आजारी माणसांपैकी ९० टक्क्यांना ती अचूक पकडते आणि निरोग्यांपैकी ९० टक्क्यांना अचूक ‘निगेटिव्ह’ सांगते. एका गावात १,००० माणसं आहेत आणि त्यातल्या १० जणांना तो आजार आहे. सगळ्या गावाची तपासणी केली. आता एखाद्याचा अहवाल ‘पॉझिटिव्ह’ आला, तर त्याला खरोखर आजार असण्याची शक्यता किती?

बहुतेक जण ९० टक्के म्हणतात. मोजू या. १० आजाऱ्यांपैकी ९ पकडले गेले. उरलेल्या ९९० निरोग्यांपैकी १० टक्के, म्हणजे ९९ जण, चुकून ‘पॉझिटिव्ह’ ठरले. एकूण १०८ ‘पॉझिटिव्ह’, त्यातले खरे आजारी ९. शक्यता साधारण ८ टक्के! बाकीचे ९९ जण विनाकारण धास्तावणार, पुढच्या तपासण्यांवर पैसे घालवणार. म्हणून ‘सगळ्या गावाची मोफत तपासणी’ ऐकायला कितीही चांगली वाटली, तरी ती कुणाची, कधी आणि कशासाठी करायची याचा आधी विचार करावा लागतो.

साथरोगशास्त्राच्या पहिल्या वर्गांत हे शिकवतात. पुढे जैवसांख्यिकी, म्हणजे आरोग्याच्या आकडेवारीचं शास्त्र, येते, सर्वेक्षणासाठी नमुना कसा निवडायचा ते येतं, आरोग्याचं अर्थकारण, पर्यावरण, पोषण, कायदा, आरोग्य यंत्रणेची रचना येते. हात धुण्याचा धडाही असतोच. पण तिथे प्रश्न असा असतो, की साबणाचं महत्त्व ठाऊक असलेल्या घरातही हात का धुतले जात नाहीत. ज्या वस्तीत नळाला दिवसाआड तासभर पाणी येतं, तिथे जाऊन बसल्याशिवाय त्याचं उत्तर मिळत नाही.

“नीट हुकलेल्यांसाठी.”

नीट हुकल्यावर काही मुलं इकडे वळतात, हे खरं. त्यात कमीपणा कसला? अडचण होते ती इथे डॉक्टरकी मिळेल या समजुतीने येणाऱ्यांची. या पदवीने नावामागे ‘डॉक्टर’ लागत नाही, औषध लिहून देता येत नाही, दवाखाना थाटता येत नाही. एकेका रुग्णाला बरं करण्यातच ज्याला समाधान आहे, त्याने खुशाल पुन्हा नीट द्यावी किंवा नर्सिंग, फिजिओथेरपीचा विचार करावा.

“नोकरी कुठेच नाही.”

‘कुठेच नाही’ हे खोटं, पण निव्वळ पदवीवर भारतात दारं कमी उघडतात हे खरं. राष्ट्रीय आरोग्य अभियानाच्या जाहिराती वाचा. साथरोगतज्ज्ञासारख्या पदांसाठी वैद्यकीय पदवी किंवा एमपीएच मागतात. आपल्या राज्यात उपकेंद्रांवर समुदाय आरोग्य अधिकारी नेमले, ते आयुर्वेदाचे, युनानीचे किंवा नर्सिंगचे पदवीधर. बीपीएचवाल्यांचा तिथे विचारच नाही. पदवीधरांना प्रामुख्याने स्वयंसेवी संस्था, संशोधन प्रकल्प, सर्वेक्षणं आणि कंपन्यांचे सीएसआर म्हणजे सामाजिक कामाचे विभाग इथे काम मिळतं. ते बहुधा प्रकल्पापुरतं आणि कंत्राटी असतं, सुरुवातीचा पगार बेताचा.

मात्र याचा दोष विषयाच्या माथी मारणं मला पटत नाही. २०१७च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात प्रत्येक राज्याने सार्वजनिक आरोग्य व्यवस्थापनाची स्वतंत्र सेवाश्रेणी उभारावी असं म्हटलं आहे. २०२२ मध्ये केंद्राने त्यासाठी मार्गदर्शक सूचनाही दिल्या. तमिळनाडूत सार्वजनिक आरोग्याचं स्वतंत्र संचालनालय आहे आणि १९३९पासून तसा कायदा आहे. कोविडमध्ये माणसं कमी पडली म्हणून आपण सगळ्यांनी ओरड केली. मग ती माणसं नेमण्यासाठी पदं निर्माण करा, ही मागणी पालकांनी आणि विद्यार्थ्यांनी सरकारकडे करायला हवी. मुलांना विषयापासून हाकलून ती पदं तयार होणार नाहीत.

“आधी दुसरी पदवी, मग एमपीएच.”

हा रस्ता चांगला आहे. अनेक संस्थांत एमपीएचला कुठल्याही शाखेचे पदवीधर घेतात, आणि संख्याशास्त्र, समाजकार्य किंवा नर्सिंग करून आलेल्यांचा पाया पक्का असतो. पण तो एकच रस्ता नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिनने २००३ मध्येच शिफारस केली होती, की पदवीच्या सर्वच विद्यार्थ्यांना सार्वजनिक आरोग्य शिकायची संधी मिळावी. अठराव्या वर्षी हा विषय हाती घेतलेल्या मुलाला वस्तीत हिंडायला, आकडे चाळायला आणि चुका करायला दोन वर्षांच्या एमपीएचपेक्षा जास्त वेळ मिळतो. त्याने एमपीएच पुढे करावंच, आणि त्या दोन वर्षांचा खर्च आजच हिशेबात धरावा.

प्रवेश घ्यायला जाल तेव्हा महाविद्यालयाला विचारा : मुलं प्राथमिक आरोग्य केंद्रात किती आठवडे काम करतात, आणि कुठल्या? जैवसांख्यिकी कोण शिकवतं, आणि संगणकावर खरी आकडेवारी हाताळायला देतात का? गेल्या दोन तुकड्यांतली मुलं आज कुठे आहेत? त्यातल्या दोघा-तिघांशी बोलणं करून द्याल का? एवढ्याची सरळ उत्तरं मिळाली नाहीत तर तिथे फी भरू नका.