पडवी कार्पेटमध्ये येत नाही

कोकणात जमिनीचा व्यवहार जमवायला काय काय लागतं ते मला विचारा. गाडीत कायम एक कोयता लागतो, कारण साईट दाखवायची म्हणजे आधी वाट पाडायची. पायात गमबूट लागतात, तलाठ्याचा नंबर लागतो, मोजणीवाल्याचा नंबर लागतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे कुठल्या घरात कुठल्या भावाचं कुठल्या भावाशी बोलणं बंद आहे आणि ते नेमकं कुठल्या फणसावरून बंद झालं ही माहिती लागते. कुडाळपासून मालवणपर्यंतची ही माहिती माझ्या तोंडपाठ आहे. आणि आता मला म्हणे परीक्षा द्यायचीय. ती पण कम्प्युटरवर, चार पर्यायांतून एक.

झालं असं की महारेराने, म्हणजे रेरा कायदा राबवणाऱ्या राज्याच्या प्राधिकरणाने, 2023 च्या जानेवारीत आदेश काढला, एजंट म्हणून काम करायचं असेल तर 20 तासांचं ट्रेनिंग करा, परीक्षा द्या, सर्टिफिकेट घ्या. नवे-जुने सगळ्यांना लागू. मी म्हटलं आपल्याला काय त्याचं, रेरा हा बिल्डिंगांच्या प्रोजेक्टवाल्यांचा कायदा, आपण विकतो ती शेतजमीन, याची घेऊन त्याला द्यायची, मध्ये दोन नारळ आणि दोन टक्के. पण तेवढ्यात मुंबईचे एक शेठ आमच्याकडे बिल्डिंगा बांधायला उतरले. आता हायवे रुंद झाला, चिपीला विमान उतरायला लागलं, मग शेठ पण उतरणारच. ते म्हणाले, तुमच्याकडे पार्ट्या आहेत ना, मग माझे फ्लॅट विका, पण रेरा नंबर पाहिजे हां. नंबर नसताना रजिस्टर्ड प्रोजेक्टमधला फ्लॅट विकला तर कलम 62 खाली दिवसाला 10,000 रुपये दंड. दिवसाला! आमच्या धंद्यात जूनपासून गणपतीपर्यंत दिवसाला दहा रुपये सुटत नाहीत, माणूस नुसता कोकमाचं सरबत पीत पावसाकडे बघत बसतो. मी म्हटलं देऊया परीक्षा.

ट्रेनिंग ऑनलाइन. आमच्या घरात नेटवर्क फक्त मागच्या पडवीच्या एका कोपऱ्यात येतं, जिथे आई आमसुलं, म्हणजे आमची सोलं, फणसाचे गरे वगैरे उन्हाळ्यातला माल सूप-टोपल्यांत मांडून ठेवते. तिथे खुर्ची टाकून मी बसलो. कॅमेरा चालू ठेवणं सक्तीचं. सर मुंबईचे, इस्त्रीचा शर्ट, बोलणं एकदम स्वच्छ, पोडियम पार्किंग आणि ॲमेनिटीज आणि क्लब हाऊस. मी मन लावून ऐकतोय आणि मागून आई येऊन कॅमेऱ्यासमोरच सोलं उलथी करतेय, तिला वाटलं मी कोणाशी तरी व्हिडिओ कॉलवर बोलतोय, म्हणून तिने वाकून सरांना विचारलं, जेवलात काय हो? सर बिचारे कलम 4 वर होते, प्रवर्तकाने, म्हणजे बिल्डरने, ग्राहकांकडून आलेल्या पैशातले 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवले पाहिजेत, ते फक्त जमीन आणि बांधकामाच्या खर्चालाच वापरायचे, असं काहीतरी चाललं होतं. ते थांबले आणि म्हणाले, हो आजी, जेवलो. त्यानंतर सगळ्या बॅचने मला आजींचे एजंट असंच नाव ठेवलं.

हे 70 टक्क्यांचं कलम मात्र बायकोने आतून ऐकलं. ती म्हणाली, अहो, हा कायदा चांगला आहे, तुमच्या कमिशनचे पण 70 टक्के वेगळ्या खात्यात ठेवूया. मी विचारलं कुठल्या खात्यात. म्हणाली माझ्या.

परीक्षेचा खरा त्रास काय सांगू, मला कमी येत होतं हा नाहीच. मला जास्त येत होतं. म्हणजे बघा, मी जमिनीचा माणूस. मी सगळी तयारी करून बसलेलो, कुळकायदा 1948 चा, खोती रद्द करणारा कायदा 1949 चा, 1 एप्रिल 1957 चा कृषक दिन, कलम 63, म्हणजे शेतकरी नसलेल्याला शेतजमीन घेता येत नाही, वर्ग 2 ची जमीन परवानगीशिवाय विकता येत नाही, गुंठा म्हणजे 1089 चौरस फूट, सगळं पाठ. माझ्या वडिलांनी कुळाच्या केसमध्ये अर्धं आयुष्य घालवलंय, आमच्या घरात अंगाईगीतापेक्षा फेरफार जास्त ऐकलेत. आणि नोट्स उघडून बघतो तर काय, इमारतीला लिफ्ट वेळेत नाही लागली तर वाटपग्राहीचे, म्हणजे फ्लॅट घेणाऱ्याचे, हक्क काय. लिफ्ट! आमच्या गावात सगळ्यात उंच गोष्ट माड आहे आणि त्याला लिफ्ट नाही, चढून नारळ काढणारा पाडेली आहे.

कलम 13 घ्या. लेखी करार नोंदवल्याशिवाय प्रवर्तकाने किमतीच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घ्यायची नाही. सरळ आहे, मान्य. पण आमच्याकडे विसार, म्हणजे व्यवहाराची आगाऊ रक्कम, कसा होतो ते ज्याने हा प्रश्न काढला त्याला कोणीतरी सांगावं. आधी गडग्यावर बसायचं, मग मालक म्हणणार की देवाला विचारूया, मग देवळात कौल लावायचा, मग गाऱ्हाणं घालायचं, आणि मग समजा कौल उजवा आला तर पार्टीकडून हातात एक नोट आणि नारळ. इथपर्यंत लेखी काही नाही, आणि टक्के किती म्हणाल तर एक नोट भागिले चाळीस लाख. अशा माणसाला पर्याय अ 5, ब 10, क 20, ड यापैकी नाही असं विचारलं की हात ड कडे जातो.

आणि सह्या. मॉक टेस्टमध्ये प्रश्न होता, करारावर सही कोणी करावी? मी त्या प्रश्नावर इतका वेळ बसलो की वेळ संपली अशी घंटा वाजली. कारण माझ्या डोळ्यांसमोर एक सातबारा आला, सामायिक, त्यावर नावं एवढी की पान पुरत नाही, एक भाऊ घाटकोपरला, एक बडोद्याला, एक पणजीला, एक आत्या जिचं नाव आहे पण ती जाऊन दशक लोटलंय आणि वारस नोंद झालेली नाही, आणि एक जण असा की तो इथेच शेजारी राहतो पण सहीला बोलावलं की त्याला ताप येतो. हे सगळे एकत्र सापडतात फक्त गणपतीत, ते पण आरतीपुरते. माझी निम्मी साठेखतं मोदक खाता खाता झालीत. आता याचं उत्तर चार पर्यायांत कसं द्यायचं. बरोबर उत्तर होतं क.

अभ्यास माझ्याकडून माझी पुतणी घ्यायची, ती यंदा बारावीला. बोर्डाच्या परीक्षेचं सगळं वैर तिने माझ्यावर काढलं. हातात फूटपट्टी. काका, कलम 18? मी म्हणायचो, ठरलेल्या तारखेला ताबा नाही दिला तर पैसे व्याजासकट परत. काका, कलम 14? मी म्हणायचो, मंजूर प्लॅनमध्ये परस्पर बदल करायचा नाही, आणि बांधकामात दोष निघाला तर ताबा दिल्यापासून 5 वर्षांपर्यंत प्रवर्तकाने फुकट दुरुस्त करून द्यायचा, 30 दिवसांच्या आत. हे मी जोरात म्हटलं आणि तिथेच माझं नशीब फुटलं, कारण बायको स्वयंपाकघरात होती आणि न्हाणीघराचा पत्रा मीच दोन पावसाळ्यांपूर्वी घातलेला आहे आणि तो गळतो. ती पदराला हात पुसत बाहेर आली, म्हणाली, 5 वर्षं झालेली नाहीत अजून. तीस दिवस आजपासून मोजते.

पण कळस केला तो कार्पेट एरियाने. कलम 2, पोटकलम के. फ्लॅटच्या आतली प्रत्यक्ष वापरायची जागा धरायची, बाहेरच्या भिंती धरायच्या नाहीत, डक्ट धरायचा नाही, स्वतःची बाल्कनी किंवा व्हरांडा धरायचा नाही, उघडी गच्ची धरायची नाही, आतल्या आत ज्या भिंती खोल्या पाडतात त्या मात्र धरायच्या. पुतणी म्हणाली, काका, पाठ करून होणार नाही, घर मोजूया. टेप काढली. मला पण उत्साह आला.

आमचं घर चिऱ्याचं, आजोबांनी बांधलेलं. बाहेरची भिंत अशी की खिडकीत माणूस मांडी घालून बसतो. ती गेली, बाहेरची भिंत ना, कापा. पुढची पडवी, जिथे दुपारी सगळी वाडी झोपायला येते, ती व्हरांडा, कापा. मागची पडवी, जिथे आमचं नेटवर्क आणि आमसुलं, कापा. खळं, जिथे भात झोडतात, जिथे दशावतार होतो, जिथे माझ्या लग्नाचा मांडव होता, ते तर मोकळं आभाळ, ते कागदावर येतच नाही. न्हाणीघर पत्र्याचं, बाहेर, गळकं, कापा. राहिलं काय? माजघर, देवघर, एक काळोखी खोली जिथे तांदूळ असतात, आणि स्वयंपाकघर. ओटीवरून आमचं दोघांचं भांडण झालं, ती तीन बाजूंनी बंद आणि एका बाजूने उघडी, मग व्हरांडा की खोली. पुतणी म्हणाली उघडी म्हणजे उघडी. मी म्हटलं अगं इथे पाहुणे बसतात. ती म्हणाली काका, पाहुण्यांचं कलम नाही. आकडा वहीत लिहिला तर इतका लहान आला की मला मुंबईत वनरूम किचनमध्ये राहणाऱ्या मावसभावाची आठवण आली, त्याला आपण उगाच इतकी वर्षं कीव दाखवली.

आई हे सगळं बघत होती. तिने विचारलं, काय रे झिला, किती भरला? मी आकडा सांगितला. "आणि माझी पडवी खंय गेली?" म्हटलं आई, पडवी कार्पेटमध्ये येत नाही. ती थोडा वेळ गप्प बसली, मग जे सुरू झाली, "ह्या कायद्यान माझा अर्धा घर खाल्ल्यान! मग तुझा लगीन खंय लावलला मेल्या, देवघरात?" संध्याकाळपर्यंत वाडीत बातमी पसरली की रेरावाले येऊन पडव्या काढून नेतायत. शेजारचे आबा दुसऱ्या दिवशी सकाळीच घराचा जुना उतारा घेऊन हजर, माझी पडवी वडिलोपार्जित आहे, बघ.

व्हॉट्सॲपवर आमचा अभ्यासाचा एक ग्रुप होता. त्यात एक रिटायर्ड बँकवाले काका, ते रोज पहाटे पाचला प्रश्न टाकायचे आणि सव्वापाचला स्वतःच उत्तर. एक सावंतवाडीची मुलगी, एमबीए, तिला सगळं यायचं म्हणून तिच्यावर सगळ्यांचा राग. एक रिक्षावाला मित्र, त्याने सरळ सांगितलं होतं, मला कलम नको सांगू, फक्त अ ब क ड सांग. परीक्षेच्या आदल्या रात्री कोणीतरी शंभर टक्के येणारे प्रश्न म्हणून एक पीडीएफ टाकली, ती मी जागून वाचली, ती तलाठी भरतीची होती. पण मला चांगली सोडवता आली, त्यामुळे आत्मविश्वास वाढला.

माझं सेंटर आलं घाटावर, कोल्हापूरच्या बाजूला. ऐन पावसात फोंडा घाट चढून दाजीपूरच्या धुक्यातून पहाटेच्या गाडीने जायचं, समोर दहा फुटांवरचं दिसत नाही आणि मी खिडकीला डोकं लावून कलम 59, कलम 60, कलम 61 पुटपुटतोय. शेजारच्या बाईंना वाटलं मी घाटाला घाबरून जप करतोय, त्यांनी मला आवळासुपारी दिली. सेंटरवर तपासणी अशी की घड्याळ काढा, पाकीट बाहेर ठेवा, आणि हातातला काळा दोरा, तो देवीचा आहे, तो पण त्या मुलाने उलटसुलट करून बघितला. आत गारठवणारा एसी. ओळीत बसलेले सगळे माझ्यासारखेच, चष्मा कपाळावर ढकलून स्क्रीनकडे वाकलेले, आणि अर्ध्यांचा माऊस उडी मारून भलत्याच पर्यायावर जातोय. एका गृहस्थांनी हात वर करून विचारलं, मागचं पान कसं उलटायचं?

पेपर सोपा होता हो. खरंच. तक्रार कुठे करायची, कलम 31. प्रोजेक्टचा नंबर पी ने सुरू होतो, एजंटचा ए ने. कार्पेट एरियाचा प्रश्न आला तेव्हा मी एसीत एकटाच हसलो, पर्यवेक्षक बघायला आला. एका प्रश्नात ग्राहकाला समुद्र दिसेल अशी खोटी जाहिरात केली तर काय, असं होतं. माझ्याकडे पुण्याहून दर रविवारी येणाऱ्या पार्ट्यांना समुद्र दिसायलाच हवा असतो, पण सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामाचे निर्बंध, नको असतं, भरतीरेषेपासून 200 मीटरचा ना-विकास पट्टा म्हटलं की त्यांचे चेहरे पडतात, मग मी त्यांना डोंगरावर नेतो, तिथे पाण्याच्या टाकीवर चढलं तर समुद्र दिसतो. मी जाहिरातीत टाकीचा उल्लेख करतो. प्रामाणिकपणे बरोबर उत्तर टिक केलं.

पास झालो. सर्टिफिकेट आलं, 10,000 रुपये फी भरून नंबर आला, पुतणीने पार्टी घेतली, आईने देवापुढे साखर ठेवली आणि विचारलं आता पडवी परत मिळेल काय. मी लगेच शेठना फोन लावला, म्हटलं शेठ, नंबर आला, आता ब्रोशर पाठवा, तुमचा प्रोजेक्ट नंबर पण टाका त्यावर, जाहिरातीत लागतो तो. शेठ म्हणाले, अरे तुम्हाला सांगायचं राहिलं, आपण प्रोजेक्ट रजिस्टरच करत नाही आहोत, वकिलांनी सांगितलं आठ फ्लॅटपर्यंत गरज नाही, आपण आता आठच बांधतोय, पुढचे आठ पुढच्या वर्षी, मग परत आठ. त्यामुळे नंबर-बिंबर काही लागणार नाही तुम्हाला, आरामात विका.

मी म्हटलं, "शेठ, कलम 3. सगळे फेज धरून आठ."

पलीकडे बराच वेळ काही आवाज नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं, मी सोलं बाजूला सारून कोपऱ्यात सरकलो.

"तुम्ही उगाच पास झालात," शेठ म्हणाले.