मोतीबिंदूमधला उन्हाचा वाटा

काटोलजवळच्या संत्र्याच्या बागेत उभा जन्म काढलेल्या माझ्या आत्याच्या डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू मार्च महिन्यात काढला. पट्टी सुटल्यावर तिला पहिले नवल वाटले ते घराच्या भिंतीचे, कारण इतकी वर्षे जी भिंत ती पिवळसर समजत होती, ती पांढरी निघाली. "उन्हानंच खाल्ले माहे डोये," हे तिचे मत. माझ्या भावाचे मत असे की तिचे वय आणि 15 वर्षांचा मधुमेह यांपुढे उन्हाला कोण विचारतो. हा वाद आमच्याकडे अजून मिटलेला नाही, आणि माझ्या मते तो मिटणारही नाही. एका माणसाचा मोतीबिंदू उन्हाने आला की वयाने, हे त्याच्या डोळ्यात बघून ठरवता येत नाही. हजारो माणसांची तुलना केली तरच उन्हाचा वाटा दिसू लागतो.

अशी तुलना अमेरिकेतल्या चेसापीक खाडीवर झाली आणि तिचे निष्कर्ष 1988 मध्ये प्रसिद्ध झाले. पाण्यावर काम करणाऱ्या 838 जणांना संशोधकांनी वयाच्या सोळाव्या वर्षापासूनचा हिशेब विचारला: कोणते काम केले, किती तास उघड्यावर होतात, डोक्यावर टोपी होती का, चष्मा होता का. त्यावरून प्रत्येकाच्या डोळ्याला आयुष्यभरात उन्हातले किती अतिनील किरण मिळाले याचा अंदाज बांधला. हे प्रमाण दुप्पट झाले की कॉर्टिकल, म्हणजे डोळ्यातल्या भिंगाच्या बाहेरच्या थरात होणाऱ्या मोतीबिंदूचा धोका 1.6 पट होत होता. मात्र भिंगाच्या गाभ्यात होणाऱ्या, रंग पिवळा-तपकिरी करणाऱ्या मोतीबिंदूशी त्याचा संबंध आढळला नाही. आत्याला आधी दिसणारा भिंतीचा पिवळेपणा हा बहुधा गाभ्याचाच, म्हणजे निदान या एका मुद्द्यावर भावाची बाजू वरचढ ठरते. (हे मी तिला अजून सांगितलेले नाही.)

नेपाळमधली पाहणी याहून मोठी होती, पण ती अधिक जपून वाचावी लागते. 1983 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात 27,785 माणसे होती. जिथे दिवसाला सरासरी 12 तास ऊन मिळते त्या ठिकाणी, 7 तासच ऊन मिळणाऱ्या ठिकाणांच्या तुलनेत मोतीबिंदू 3.8 पट आढळला. उंचीवर अतिनील किरण प्रखर असतात, त्यामुळे डोंगरात मोतीबिंदू जास्त असेल असे वाटते. प्रत्यक्षात तो सखल भागात जास्त होता, कारण आजूबाजूची शिखरे डोंगरी गावांचे ऊन अडवतात. पण सखल प्रदेश आणि डोंगर यांत आहार, चुलीचा धूर, आजारपण अशा कितीतरी बाबी वेगळ्या असू शकतात. गावागावांची तुलना माणसामाणसांच्या तुलनेची जागा घेऊ शकत नाही, आणि 3.8 हा आकडा जसाच्या तसा आपल्याकडे उचलून आणणे चुकीचे ठरेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे मोतीबिंदूमुळे येणाऱ्या अंधत्वापैकी 10 टक्क्यांपर्यंत भाग अतिनील किरणांचा असू शकतो. म्हणजे बहुतांश भाग इतर कारणांचा, हे मान्य करून टाकावे. परंतु भारतात 2015 ते 2019 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंध व्यक्तींपैकी 66.2 टक्के मोतीबिंदूमुळे अंध होत्या. एवढ्या मोठ्या संख्येचा लहानसा हिस्साही लहान राहत नाही.

नागपूरकरांचा गोंधळ असा की आपण ऊन चटक्यावरून मोजतो. हवेचे तापमान दुपारी दोन-तीनच्या सुमारास चढते. अतिनील किरणांचा जोर मात्र सूर्य सर्वांत उंच असताना, म्हणजे आपल्याकडे मे महिन्यात बारा-सव्वाबाराला असतो. आपण 21 अंश उत्तर अक्षांशावर असल्यामुळे सूर्य वर्षातून दोनदा, मेच्या अखेरीस आणि जुलैच्या मध्यात, थेट माथ्यावर येतो. जुलैत ढगाआडचा गारवा असला, तरी पातळ ढगांतून हे किरण बऱ्यापैकी खाली पोहोचतात. त्यातही माथ्यावरच्या सूर्याला भुवई थोडा आडोसा करते, सकाळी नऊचा सूर्य मात्र समोरून डोळ्यात शिरतो.

सीताबर्डीवरून एप्रिलमध्ये जाणाऱ्या कोणत्याही दुचाकीकडे बघा. दुपट्टा कपाळापासून हनुवटीपर्यंत घट्ट गुंडाळलेला, हातात मोजे, आणि उघडे काय, तर फक्त डोळे. लू लागू नये म्हणून शोधलेली ही पद्धत तिच्या कामापुरती उत्तमच आहे. काळ्या चष्म्याबद्दल एवढेच, की काच किती काळी आहे यावरून ती अतिनील किरण अडवते की नाही हे कळत नाही. पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकची पारदर्शक काचही ते अडवते.

तरीही चष्म्याच्या उपदेशाने फार साधेल असे मला वाटत नाही. दुचाकीवर वीस मिनिटे जाणाऱ्याचा धोका थोडा, आणि रस्ता झाडणाऱ्या, चौकात उभ्या राहणाऱ्या, स्लॅबवर घमेली वाहणाऱ्या माणसाचे तास दिवसाला आठ. काम देणाऱ्यानेच त्यांना रुंद काठाची टोपी आणि साधा पारदर्शक चष्मा द्यावा, जसे बूट देतात तसे. गेल्या आठवड्यात बागेतल्या तोडणीच्या बायांना मी तशा चार टोप्या नेऊन दिल्या. दुपारपर्यंत चारही बांधावर पडलेल्या होत्या, कारण काठ संत्र्याच्या फांद्यांत अडकतो. त्यातल्या एकीने मग लुगड्याचा पदर आत पुठ्ठा घालून कपाळापुढे चार बोटे काढला, आणि संध्याकाळपर्यंत उरलेल्या तिघींनी माझ्याकडे पुठ्ठा मागितला.