वीजदर वाढला म्हणून वायरिंग बदलायचे?

गोव्यात वीजदरवाढीची बातमी आली की चार दिवसांत एक संदेश हमखास मोबाईलवर येऊन पडतो. त्याचा आशय असा: वीज दरवर्षी महागणार आहे आणि जुनी वायर वीज ‘खाते’, तेव्हा प्रसंगी कर्ज काढून घराचे वायरिंग आताच नवे करून घ्या, शक्य तितकी जाड वायर घाला, बिल निम्म्यावर येईल आणि खर्च दोन वर्षांत वसूल होईल, दर वाढला की वायरही महागेल, म्हणून थांबू नका, मंजूर भार (वीज खात्याने घराला मंजूर केलेले किलोवॅट) मात्र वाढवू नका, कारण त्याने स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा भरायची रक्कम) वाढतो. चवथीपूर्वी घराची डागडुजी काढणारी मंडळी हा हिशेब खरा मानून अंदाजपत्रक करतात, म्हणून त्यातील प्रत्येक विधान तपासून पाहणे आवश्यक वाटते. माझे म्हणणे एवढेच आहे की वीजदराचा संबंध प्लगला लागणाऱ्या वस्तूंशी पुष्कळ आहे आणि भिंतीत जाणाऱ्या वस्तूंशी फार थोडा.

पहिले विधान, जुनी वायर वीज खाते. वायरीत थोडी वीज उष्णतेच्या रूपाने वाया जाते हे खरे, पण किती, ते मोजता येते. 2 किलोवॅटचा गीझर 230 व्होल्टवर सुमारे 8.7 अँपिअर घेतो. बोर्डापासून तो 15 मीटरवर असेल, तर जाणारी आणि येणारी मिळून 30 मीटर वायर झाली. 2.5 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत एवढ्या अंतरात जेमतेम 17 वॅट वाया जातात. रोज तासभर गीझर चालवला तर महिन्याला अर्धे युनिट. तीच वायर 4 चौरस मिलिमीटरची घातली, तर नुकसान सुमारे 0.3 युनिटवर येते. म्हणजे जाड वायरीने महिन्याला वाचले 0.2 युनिट, त्याचे गोव्याच्या दराने दोन रुपयेसुद्धा होत नाहीत. जाड वायर घालावी ती तापू नये म्हणून, आणि ते कारण पुरेसे आहे. बिल निम्म्यावर येईल असे सांगणाऱ्याने हा गुणाकार कधी केलेला दिसत नाही.

या विधानात सत्याचा एक कण मात्र आहे आणि तो आमच्याच घरात सापडला. फोंड्याकडच्या आमच्या जुन्या चिरेबंदी घरात एका पावसाळ्यात सगळी बटणे बंद केली, फ्रीजचा प्लगही काढला, तरी मीटरवरचा, वीज वापरली जात असतानाच लुकलुकणारा लाल दिवा अधूनमधून लुकलुकत राहिला. घड्याळ लावून पाहिले, तर पाऊण-एक मिनिटाला एकदा. बोर्डातले चिनी मातीचे फ्यूज एकेक करून काढत गेलो. तिसरा काढताच लुकलुकणे थांबले. ती लाईन न्हाणीघराकडे जात होती, तिथल्या भिंतीला ओल आली होती आणि वायरीचे आवरण हाताने सोलून निघण्याइतके कुजलेले होते. ओल्या भिंतीतून 100 मिलिअँपिअर प्रवाह सतत गळत असेल तर 23 वॅट होतात, आणि दिवसरात्र धरून महिन्याला 16-17 युनिटे. वायरमनने मेगर (वायरीच्या आवरणाचा रोध मोजणारे यंत्र) लावून खात्री करून घेतली आणि तेवढीच लाईन बदलून दिली. घरभर झिरी मारून भिंती फोडण्याची वेळ आली नाही. (त्याच बोर्डात एका फ्यूजमध्ये फ्यूजतारेऐवजी साध्या तांब्याच्या तारेचे तीन पदर पिळून भरलेले निघाले. त्याने बिल एका पैशानेही वाढत नव्हते, पण एखाद्या दिवशी घर जळाले असते.) गोव्याच्या पावसाळ्यात अशी गळती नवलाची नाही, ती शोधण्याला अर्धा दिवस पुरतो, आणि नव्या वायरिंगचे अंदाजपत्रक मागवण्यापूर्वी तो अर्धा दिवस घालवलेला बरा.

आता वसुलीचे विधान, ज्यावर संदेशाचा सगळा डोलारा उभा आहे. वायरिंगला एक लाख रुपये लागले असे धरू. ते दोन वर्षांत वसूल व्हायचे, तर व्याज सोडूनही दरमहा सुमारे 4,170 रुपये वाचले पाहिजेत. मध्यम कुटुंबाचे गोव्यातले मासिक वीजबिल पुष्कळदा तेवढे नसतेच. जे भरतच नाही ते वाचणार कसे? आणि कर्ज 10 टक्क्यांनी काढले, तर पहिल्या महिन्याचे व्याजच 800 रुपयांच्या पुढे जाते. हा हिशेब बहुधा महाराष्ट्रातून उचललेला असावा, कारण तिथे घरगुती ग्राहकाच्या वरच्या टप्प्यांत सर्व आकार धरून युनिट दोन आकडी रुपयांना पडते, तर गोव्यात सर्वांत वरच्या टप्प्याचा दरही एक आकडी आहे. पुण्यातल्या भावाने पाठवलेले कोष्टक पेडण्यात लागू पडत नाही.

बचतीचा हिशेब करायचाच असेल तर तो टप्प्यांवरून करावा. गोव्यात घरगुती दर 100-100 युनिटांच्या टप्प्यांनी चढतात आणि 400 युनिटांनंतर शेवटचा टप्पा सुरू होतो. एकूण रकमेला युनिटांनी भागून काढलेला सरासरी दर इथे फसवा ठरतो, कारण वाचलेले युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून वजा होते. महिन्याला 350 युनिटे वापरणाऱ्या घराने 40 वाचवली तर ती सगळी चौथ्या टप्प्याच्या दराने वाचतात. 90 युनिटे वापरणाऱ्या घराने 40 वाचवली तर ती सर्वांत स्वस्त दराची असतात आणि बिलातला फरक नजरेत भरत नाही. पंख्याचे उदाहरण घ्या. जुना पंखा 75 वॅटचा, नवा बीएलडीसी (कमी वीज घेणाऱ्या मोटरीचा) 30 वॅटचा, रोज 12 तास चालला तर महिन्याला 16 युनिटे वाचतात. वरच्या टप्प्यातले युनिट 5 रुपयांना पडते असे मानले तर 80 रुपये, आणि साध्या पंख्यापेक्षा तो 1,500 रुपयांनी महाग असेल तर दीड-पावणेदोन वर्षांत फरक भरून निघतो. पहिल्या टप्प्यातल्या घराला त्याच फरकासाठी कितीतरी अधिक काळ लागेल. दर वाढला तर हा काळ कमी होतो, हे खरे. वीजदर अंदाजपत्रकात शिरतो तो या दाराने. एअर कंडिशनर किती स्टारचा घ्यायचा, गीझर किती लिटरचा घ्यायचा, छतावर सौर पॅनेल लावायचे की नाही, हे सगळे निर्णय त्याच जातीचे आहेत. पंतप्रधान सूर्यघर योजनेत 3 किलोवॅट किंवा अधिक क्षमतेला 78,000 रुपयांपर्यंत अनुदान आहे, पण ज्या घराचे बिल आधीच बेताचे आहे त्याने अनुदानाच्या आकड्यावर न भुलता आपला टप्पा आधी पाहावा.

दर वाढला की वायर महागेल, हे विधान चार वाक्यांत संपते. वायरीची किंमत मुख्यतः तांब्याच्या जागतिक भावावर आणि रुपयाच्या विनिमय दरावर हलते. गोव्याचे वीजदर गोवा व केंद्रशासित प्रदेशांसाठीचा संयुक्त वीज नियामक आयोग ठरवतो, तेही वीज खात्याच्या अर्जावर जनसुनावणी घेऊन. तांब्याच्या बाजाराला त्या आदेशाची खबरही नसते. वायर घ्यायची वेळ येईल तेव्हा आयएसआय चिन्हाची वायर घ्यावी आणि भाव दोन दुकानांत विचारावा.

राहिला मंजूर भार, आणि इथे हा संदेश चुकीच्या हिशेबाकडून धोक्याकडे वळतो. स्थिर आकार मंजूर भाराशी बांधलेला असतो हे बरोबर, पण एकेका किलोवॅटमागे तो वाढतो किती, ते आपल्याच बिलावर पाहावे. घरात दोन एअर कंडिशनर घेणाऱ्याला ती रक्कम जाणवण्यासारखी नसते. भार न वाढवता दोन एअर कंडिशनर, गीझर आणि इंडक्शन शेगडी चालवायची म्हणजे खांबावरून येणारी सर्व्हिस वायर आणि मुख्य बोर्ड हे जुन्या भारापुरतेच राहतात, आणि आतली कोरी वायर कितीही जाड असली तरी उष्णता नेमकी त्या दोन जागी साचते. नूतनीकरण करताना परवानाधारक ठेकेदाराकडून भाराची बेरीज लेखी घ्यावी आणि वीज खात्याकडे अर्ज त्याच बेरजेचा करावा. पैसे कमी पडत असतील तर शोभेचे दिवे आणि महागड्या स्विचप्लेट पुढच्या वर्षावर ढकलाव्यात, पण 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळू लागताच पुरवठा तोडणारा स्विच) आणि अर्थिंग ढकलू नये. जांभ्याच्या जमिनीत उन्हाळ्यात ओल उतरली की अर्थिंगचा रोध वाढतो; खड्डा खोल हवा, आणि रोध मे महिन्यात मोजून घ्यायला हवा, श्रावणात मोजलेला आकडा चांगलाच येणार.