‘एका ओळीचे काम’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

मेमेंटो पॅटर्न म्हणजे ऑब्जेक्टची (प्रोग्राममध्ये माहिती आणि तिच्यावरची कामे एकत्र बाळगणाऱ्या घटकाची) आधीची अवस्था जपून ती परत आणण्याची एक ठरलेली रचना. तिच्यावरील माझ्या लेखाखाली आपण लिहिले आहे की, “सिरियलायझेबल लिहिले की ऑब्जेक्ट एका ओळीत साठवताही येतो आणि परतही मिळतो, त्यासाठी तीन-तीन क्लास लिहिणे हा पुस्तकी थाट, आणि रत्नागिरीत बसून दुसरे काय शिकवणार?” (सिरियलायझेशन म्हणजे ऑब्जेक्टचे बाइटमध्ये रूपांतर करून तो साठवण्याची जावा या प्रोग्रामिंग भाषेतील सोय, आणि क्लास म्हणजे ऑब्जेक्टचा आराखडा.) मतभेदाला माझी हरकत नाही, पण रत्नागिरीचा जावाशी काय संबंध, तेवढे आपणच सांगावे. राहिला ‘पुस्तकी थाट’. हा पॅटर्न १९९४च्या ‘डिझाइन पॅटर्न्स’ या ज्या पुस्तकात आहे, ते जावाच्या सिरियलायझेशनपेक्षा जुने आहे, म्हणून ते कालबाह्य ठरत नाही.

प्रत्येक बदलाआधी पूर्ण अवस्थेची प्रत ठेवल्यास मेमरी खर्च होते, हे आपले म्हणणे मात्र मान्य. मोठ्या ऑब्जेक्टसाठी केवळ बदल नोंदवणे स्वस्त पडते.

आता ‘परतही मिळतो’ हे दोन शब्द घेऊ. परत मिळतो तो कोणता? डीसिरियलायझेशन, म्हणजे साठवलेले परत वाचणे, नवा ऑब्जेक्ट घडवते, जुना पूर्वपदावर आणत नाही. येथील आंबा व्यापाऱ्यांचे हिशेब मी अनेक हंगाम सांभाळले आहेत. त्यांतल्या एका पेढीवर माझ्या आधीच्या प्रोग्रामरने ‘अनडू’ (केलेला बदल मागे घेण्याची सोय) आपण सुचवता त्याच पद्धतीने केले होते. कारकुनाने पेटीचा दर चुकून बदलला आणि मागे घेतला, तरी पडद्यावरचा तक्ता जुन्याच ऑब्जेक्टला धरून असल्यामुळे चुकीचाच दर दाखवत राहिला. त्याहून वाईट असे की, पट्टीच्या (विक्रीच्या हिशेबाच्या) ऑब्जेक्टमध्ये बागायतदाराच्या खात्याचा संदर्भ होता, त्यामुळे खात्याचीही दुसरी प्रत जन्माला आली आणि पुढची उचल त्या अनाथ प्रतीवर नोंदली गेली. बागायतदार पेढीवर येऊन भांडला, तेव्हा त्याला ‘एका ओळीचे काम’ समजावून सांगायला आपण हवे होतात.

मेमेंटोमध्ये पट्टी स्वतःच आपल्या अवस्थेची नोंद तयार करते आणि स्वतःच ती परत वाचते. नोंद सांभाळणाऱ्याला आत डोकावता येत नाही, म्हणून पट्टीची फील्ड (ऑब्जेक्टमधील माहितीचे रकाने) खासगी राहतात. आणि खात्याला हात लावायचा की नाही, हे पट्टीच ठरवते. पट्टी, नोंद आणि नोंद सांभाळणारा असे तीन क्लास आहेत ते यासाठी, थाटासाठी नव्हे.

फाइलवर साठवणे हा वेगळा प्रश्न आहे, आणि तेथेही आपली ओळ पुरत नाही. सिरियलव्हर्जनयूआयडी (क्लासची आवृत्ती ओळखण्याचा क्रमांक) लिहिला नसेल, तर एक फील्ड वाढवताच जुनी फाइल उघडत नाही. लिहिला असेल, तर फाइल उघडते, पण नवे फील्ड शून्य किंवा नल (रिकामे) राहते आणि त्या क्लासचा कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट घडवताना एरवी चालणारा कोड) चालतच नसल्याने त्यातली तपासणीही होत नाही.

पिकल या पायथन भाषेतील अशाच सोयीविषयी आणि माझ्या मास्तरकीविषयी आपण जे लिहिले आहे, त्यात उत्तर देण्यासारखे काही नाही. आपली ती एक ओळ प्रत्यक्ष लिहून पाठवावी. पट्टी, खाते आणि तक्ता असे तिन्ही जोडून मी ती चालवून बघेन.